शोमारीच्या छातीवरचा कांगा

दोरीवर वाळत घातलेला मी कांगा बोलतोय. कापडानं बोलायचं म्हणजे तुम्हाला नवल वाटेल, पण आमच्या किनाऱ्यावर कांग्यानं गप्प बसावं अशी कुणाची अपेक्षाच नसते. आमच्या काठावर एक वाक्य छापलेलं असतं. बाईला जे तोंडानं बोलता येत नाही, ते ती आम्हाला अंगावर घेऊन बोलते. माझ्या काठावर काय आहे ते मात्र मी सांगणार नाही. ते माझ्या मालकिणीच्या एका शेजारणीला उद्देशून आहे, आणि सध्या दोघींचं बरं चाललंय.

माझा जन्म दार-एस-सलामच्या गिरणीतला. आम्ही कांगे जन्मतो जुळे आणि विकले जातो तेही जोडीनं, एक कमरेला आणि दुसरा डोक्याखांद्यावर. बागामोयोच्या बाजारात तुनूनं आम्हा दोघा भावांना उलटंपालटं करून पाहिलं, काठ वाचला आणि मनाशी हसली. दुकानदाराला म्हणाली, "हाच बांधा. दुसरं काही दाखवू नका." त्या संध्याकाळी घरात पाणी भरलेलं असताना ती आम्हाला नेसून उगाचच विहिरीवर गेली, शेजारणीच्या दारावरून.

पुढं माझे दिवस चांगले गेले. मी तिची मुलगी झुहुरा पाठीवर वाहिली, पीठ वाहिलं, उन्हात तुनूचं डोकं झाकलं, लग्नांत मिरवलो आणि मयतांना जाऊन बसलो. पाठीवरचं मूल झोपलं की त्याचा श्वास माझ्यातून आरपार जाणवायचा. श्वासाची ओळख मला तिथं झाली. तेव्हा वाटलं नव्हतं की ही ओळख पुढं नको तितकी वाढेल.

तुनूचा नवरा शोमारी माडावर चढणारा. पायांत दोरीचा फास अडकवून तो असा वर जायचा, की खालचा माणूस पानसुपारी सोडायच्या आत नारळ पडायला सुरुवात व्हायची. वर पोचला की गाणं म्हणायचा. आवाज खाडीपलीकडं जायचा, कारण छातीच तशी होती. आपण जन्मात कधी माडावरून पडलो नाही, हे तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत असे. ऐकणारा बहुतेक वेळा मिहायो असे.

मिहायो बाजारात हातगाडी ओढायचा आणि शोमारीचे नारळ वाहायचा. तो न्यामवेझी, आतल्या मुलखातला, आणि शोमारी किनाऱ्यावरचा झारामो. या दोन जमातींचं पूर्वापार चेष्टेचं नातं आहे. अशा माणसाला आमच्याकडं मतानी म्हणतात. मतानीनं तुमची वाटेल ती टिंगल करावी आणि तुम्ही रागवायचं नाही, अशी रीत आहे. घरात मयत झालं तरी तो येतो, मेलेल्या माणसाची नक्कल करतो, त्याच्या बिछान्यावर लोळतो, घरातली भांडी उचलून नेतो, आणि एखादी कोंबडी हातावर ठेवल्याशिवाय परत देत नाही. रडणारी माणसं रडता रडता हसतात. मतानीला दाराबाहेर ठेवणं म्हणजे नातं तोडणं.

तर एका दुपारी शोमारी पोटभर भात आणि नारळाच्या रसातला मासा जेवला, घरामागं गेला आणि स्वतःच्या माडाखाली चटई टाकून झोपला. माडाखाली झोपू नये हे आमच्याकडं रांगतं मूलही जाणतं. शोमारी तर दुसऱ्यांच्या पोरांना त्यासाठी कान धरून उठवायचा. पण माड स्वतःचा होता, सावली दाट होती, आणि ज्यानं आयुष्यभर माडाला पायाखाली घातलं त्याला माड काय करणार, असा त्याचा हिशेब असावा.

मी तेव्हा याच दोरीवर होतो. वारा बिलकूल नव्हता. एक वाळका नारळ सुटला आणि सरळ त्याच्या छातीच्या डाव्या बाजूवर आला.

शोमारीच्या तोंडातून आवाजही निघाला नाही, कारण आवाजाला लागणारी हवाच निघून गेली होती. तो बराच वेळ तोंड उघडं ठेवून पडला होता. मग कुशीवर वळला, आणि पुढं त्यानं जे केलं ते मी अजून विसरलेलो नाही. त्यानं आधी गुडघ्यावर रांगत चटई गुंडाळली, ती कुंपणामागं सरकवली, नारळ झुडपात ढकलला, आणि सगळं आवरून झाल्यावर बायकोला हाक मारली.

"पडलो," तो तुनूला म्हणाला. "वरून पडलो. वारा होता."

पाहणारा मी एकटा. आणि माझ्या काठावर तर शेजारणीचं वाक्य.

तुनूनं मला दोरीवरून ओढून अंगावर घेतलं आणि मिहायोला बोलावलं. त्यानं शोमारीला नारळाच्या जागी हातगाडीवर घातलं. दवाखान्यापर्यंत त्याची जीभ गाडीच्या चाकापेक्षा जोरात चालली होती.

"माडावरून पडलास आणि पाय शाबूत? हात शाबूत? छातीवर पडलास म्हणजे, बेडूक आहेस का रे तू?"

"गप," शोमारी म्हणाला. एवढ्या एका शब्दालाही त्याला थांबावं लागलं.

"आणि पायांत दोरी नाही. दोरी घरी विसरून वर गेलास वाटतं. तीस वर्षांत पहिल्यांदा."

दवाखान्यात नर्स एलिफुरानं छाती हलक्या हातानं दाबून पाहिली, नळी लावून दोन्ही बाजू ऐकल्या. डाव्या बरगड्या मोडल्या होत्या, फुप्फुस अजून ठीक होतं. तिनं दुखण्यावर गोळ्या दिल्या आणि तुनूला समोर बसवून सांगितलं, "आता नीट ऐका. दुखतं म्हणून हा माणूस वरवर श्वास घेणार. तसं चालायचं नाही. थोड्या थोड्या वेळानं मुद्दाम मोठा श्वास घ्यायचा. उशी छातीशी कवटाळायची आणि खोकायचं. नाहीतर फुप्फुसाचा खालचा भाग हवेविना मिटून जातो, त्यात कफ साचतो आणि ताप येतो. ताप आला, धाप लागली की लगेच इथं आणा. आणि छाती आवळून बांधायची नाही."

"बांधायची नाही?" तुनूनं विचारलं.

"बिलकूल नाही."

घरी शोमारीची हिदाया आत्या वाट बघत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती नर्स कुठली?"

"किलिमांजारोकडची."

"तिकडं माड तरी असतात का? मोडलेलं बांधायचं असतं. होडीची डोलकाठी मोडली तर तिला मोठा श्वास घे म्हणून सांगतात का? आण इकडं तुझा कांगा."

अशा रीतीनं माझी निवड झाली. माझा भाऊ तुनूच्या कमरेला राहिला. आत्यानं मला शोमारीच्या छातीभोवती दोन वेढे दिले, पाठीला गुडघा लावला आणि ओढलं. ओढताना तिला स्वतःलाच धाप लागली. गाठ मारून ती मागं सरली आणि म्हणाली, "बघ आता."

आणि खरोखरच शोमारीचं दुखणं कमी झालं. फसगत तिथंच झाली. बरगड्या हलेनात, म्हणून दुखेना. हलेनात म्हणजे श्वासही जाईना, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तो गरम चहा प्यावा तसा घोटाघोटानं श्वास घेऊ लागला. तोंडावरच्या सुरकुत्या गेल्या. बायका म्हणाल्या, कांग्यानं काय जादू केली. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. लग्नात मिरवणं वेगळं आणि माणसाचा प्राण सांभाळणं वेगळं, असं मी स्वतःला बजावत होतो.

मग सगळं गाव मायेनं त्याच्या श्वासावर बसलं. समाचाराला येणारा प्रत्येक जण पोले, पोले म्हणायचा, म्हणजे सोसा, जपा. जपा म्हणजे हलू नका. बोलू नका, दुखेल. खोकू नका, बरगडी सरकेल. खोकला आला की आत्या बोट दाखवायची आणि शोमारी तो गिळायचा. झुहुराला घरात हसायची बंदी झाली. उशी पलंगाखाली गेली. गोळ्या आत्यानं फडताळावर ठेवल्या, कारण दुखत नव्हतं तर गोळ्या कशाला.

मिहायोला अडवायला आत्या दारात स्टूल टाकून बसली.

"आत्या, नुसतं तोंड बघतो आणि जातो," तो बाहेरून म्हणायचा.

"तुझं तोंड बघूनच तो हसेल. बरगडी फुप्फुसात घुसली तर भरून देशील?"

"तो मला बघून हसत नाही. मी त्याला बघून हसतो. रीत तीच आहे."

"रीत तो बरा झाल्यावर."

आत्याला वाटायचं, आपण पुतण्याच्या बरगड्या राखतोय. पण आतून शोमारीनंच तिला विनवलं होतं, "त्याला घेऊ नको आत." आत्या लोकांना कौतुकानं सांगायची, बघा, आजारी माणूस असावा तर असा शहाणा. खरं कारण मला ठाऊक होतं. मिहायो घरामागं जाऊन माड बघून आला होता. बुंध्यावर पायाची ताजी खूण नव्हती, खाली तोडलेला एक नारळ नव्हता, आणि कुंपणामागं एक चटई होती. तो ही गोष्ट बाजारात हातगाडीच्या दांड्यावर बसून सांगत होता आणि शेवटी म्हणायचा, "बाकीचं मी त्याच्याच तोंडून काढणार आहे." शोमारीला मरणापेक्षा त्या बाजाराची भीती जास्त होती. माडावर चढणारा माडाखाली झोपून नारळाचा मार खातो, हे एकदा बाहेर पडलं की पुन्हा वर चढून गाणं म्हणायची सोय राहिली नसती. म्हणून तो मुकाट पडून होता, आणि वरून मी होतो.

काही दिवसांनी मला आतून वेगळंच जाणवायला लागलं. डावी बाजू खाली हलतच नव्हती. उजवी बाजू तिच्या वाटचं काम करून दमली होती. श्वास आला की आत कुठंतरी भांड्याच्या तळाशी पेज खदखदावी तसा आवाज व्हायचा. मग कातडी तापली. मी घामानं भिजलो. शोमारीचे ओठ करडे दिसायला लागले आणि डोळे अर्धे मिटले.

तुनू घाबरली. "आत्या, ताप आलाय. नर्सनं सांगितलं होतं."

"तापात अंग सैल पडतं. गाठ आवळ."

तुनूनं गाठीवर बोटं ठेवली. ती आवळण्यासाठी नव्हती, हे मला बोटांवरून कळलं. आत्यानं तिच्या हातावर चापट मारली आणि गाठ स्वतः आवळली. शोमारीच्या श्वासाला आधीच जागा थोडी होती, ती आणखी कमी झाली. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या मजबूत धाग्यांची लाज वाटली. गिरणीत त्याचीच जाहिरात करतात.

समाचाराला आलेल्या एका बाईनं दारातून नुसतं पाहिलं आणि तोंडाला पदर लावून पळाली. तिनं कुणाला काय सांगितलं कोण जाणे. बाजारात पोचेपर्यंत शोमारी मेला होता.

थोड्याच वेळात हातगाडीचा खडखडाट दारात आला. मिहायो कमरेला पोतं गुंडाळून, डोक्याला माती लावून, मयताला निघालेल्या मतानीच्या थाटात उभा होता. डोळे मात्र लाल होते.

"ऊठ आत्या. मयताच्या घरी मतानीला कुणी अडवत नाही."

"अरे मेल्या, तो अजून जिवंत आहे."

मिहायोनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले. मग म्हणाला, "मग मी लवकर आलो. बरं झालं, जागा चांगली मिळेल."

आणि तो स्टूल ओलांडून आत आला. त्यानं शोमारीचा करडा चेहरा पाहिला. मग तो पलंगावर शोमारीच्या शेजारी आडवा झाला, खुंटीवरची त्याची टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली, छाती फुगवली आणि शोमारीच्या आवाजात सुरू झाला.

"मी शोमारी. जन्मात कधी माडावरून पडलो नाही. माडाला मी फार आवडायचो. शेवटी तो न राहवून माझ्यावर पडला."

शोमारीचे डोळे उघडले.

"तुनू," मिहायो त्याच आवाजात पुढं म्हणाला, "माझी चटई आण. कुंपणामागं आहे. मला स्वर्गात झोपायला लागेल. आणि स्वर्गात माड असले तर तिथल्या लोकांना सांग, मला उन्हातच घाला."

माझ्याखाली काहीतरी हललं. अगदी थोडं. शोमारी कण्हला आणि मिहायोच्या दंडावर नखं रोवली. "नको," तो पुटपुटला. "दुखतं."

"मेलेल्याला कुठं दुखतं," मिहायो म्हणाला, उठला, विझलेल्या चुलीवरचा तुनूचा मोठा पितळी टोप उचलून डोक्यावर पालथा घातला आणि दाराकडं निघाला. "हा टोप मयताचा. कोंबडी दिल्याशिवाय परत नाही." टोपात सकाळची गार पेज होती, हे त्याला माहीत नव्हतं. ती त्याच्या कानांवरून, मानेवरून, पोत्यावर ओघळली. आत्यानं स्टूल उचललं. मिहायो टोप डोळ्यांवर आल्यानं भिंतीवर आपटला आणि आतून म्हणाला, "अंधार झाला. नक्की मेलो कोण?"

शोमारी हसला. पहिल्या हसण्यानं त्याच्या तोंडून किंकाळी निघाली, दुसऱ्यानं डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिसऱ्यासाठी त्याला हवा हवी होती. कित्येक दिवसांत घेतला नव्हता एवढा श्वास त्यानं एकदम आत ओढला. छाती माझ्यावर चढून आली. मी जिवाच्या आकांतानं धरून ठेवलं, कारण मला तेवढंच येत होतं. मग गाठीजवळ मी टरकन फाटलो. सुटका त्याची झाली की माझी, ते मला आजही सांगता येत नाही.

हसण्यामागून खोकला आला. हा गिळायचा खोकला नव्हता. तुनूनं पलंगाखालची उशी ओढून त्याच्या छातीशी दिली, एका हातानं त्याला धरलं आणि दुसऱ्या हातानं मला उपसून जमिनीवर फेकलं. आत कोंडलेलं घट्ट, पिवळं, घाण सगळं थाळीत पडू लागलं. आत्या म्हणत होती, बरगडी, बरगडी. कुणी ऐकत नव्हतं. मिहायोनं अंगावरच्या पेजेसकट शोमारीला उचललं आणि हातगाडीवर घातलं.

पुढं मोठ्या दवाखान्यात बरेच दिवस गेले, सुया झाल्या, नाकाला नळी झाली. बरा होऊन तो नर्स एलिफुराला भेटायला गेला तेव्हा तिनं विचारलं, "आणला त्या दिवशी निम्मा कफ आधीच बाहेर आला होता, म्हणून वेळ मिळाला. खोकायला कुणी लावलं? माझं तर कुणी ऐकलं नव्हतं."

शोमारीनं मिहायोकडं पाहिलं. मिहायो दारात टेकून, दात दाखवत, वाट बघत उभा होता. आता खरं सांगितलं तर जन्मभर बाजारात ऐकायला लागणार, आणि सांगता सांगता चटईही निघणार.

"कांग्यानं," शोमारी म्हणाला. "बायकोच्या कांग्यानं धरून ठेवलं म्हणून वाचलो."

नर्सनं कपाळाला हात लावला. मिहायोचे दात मिटले. तो काही बोलला नाही, आणि मतानी बोलत नाही तेव्हा त्याला लागलेलं असतं.

हिदाया आत्यानं ते वाक्य त्याच दिवशी गावभर केलं. तुनूनं माझा फाटका भाग बारीक टाक्यांनी शिवला आणि मला पेटीत सुपारीची फुलं घालून ठेवलं. मी आता नेसायचा कांगा राहिलो नव्हतो. औषध झालो होतो. खाडीतल्या एका मच्छीमाराच्या छातीला शिडाचा दांडा लागला, मला नेलं. तो तरणाताठा होता, सगळे झोपले की मला सोडून भिरकावून द्यायचा. बरा झाला आणि श्रेय मला मिळालं. असं औषधाचं नाव वाढतं.

मग आत्याच विहिरीच्या ओल्या कट्ट्यावर घसरली. छाती कट्ट्याच्या धारेवर आदळली. दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही तिनं. "माझं औषध घरात आहे," म्हणाली. म्हातारीच्या बरगड्या किती बारीक असतात ते मला तेव्हा कळलं. शोमारी तिच्या पायाशी बसून असायचा. एकदा त्यानं विचारलं, "आत्या, जरा सैल करू का?"

"तुला यानंच वाचवलं ना?"

शोमारी गप्प बसला. त्याच्या तोंडावर जे होतं ते मी वर बघून वाचू शकत होतो, पण मला बांधलेलं होतं आणि त्यालाही.

आत्या गेली. लोक म्हणाले, दिवस भरले होते. तिच्या लेकीनं मला धुऊन, इस्त्री करून परत आणून दिलं आणि आभार मानले. म्हणाली, "शेवटपर्यंत आईला धरून ठेवलं यानं." मयताला मिहायो आला, दारात आत्याचं स्टूल टाकून बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आत्याच्या आवाजात दरडावू लागला. सगळे पोट धरून हसले. शोमारी हसला नाही.

आता परवाची गोष्ट. बाजाराच्या उतारावर मिहायोची भरलेली हातगाडी मागं सरकली आणि दांडा त्याच्या छातीत बसला. त्याची बायको काबुला धावत आमच्या दारात आली. "बाई, कांगा द्या," एवढंच म्हणाली. तुनूनं पेटी उघडली. शोमारीनं तिच्या हातातून मला घेतलं आणि काबुलाच्या पुढं चालू लागला.

मिहायो चटईवर बसून होता, दोन्ही हातांनी छाती धरून, घोटाघोटानं श्वास घेत. न्यामवेझी शेजारी खोलीत दाटले होते. मला बघून सगळ्यांनी वाट केली. काबुला हात पुढं करून म्हणाली, "द्या. मी बांधते."

"बांधायचं नाही," शोमारी म्हणाला.

"काय?"

"गाडी काढा. याला दवाखान्यात न्यायचं. तोवर उशी द्या."

काबुलाचा चेहरा बदलला. "तुमच्या छातीला चालला. तुमच्या आत्याला चालला. आमच्या माणसाच्या वेळी हात आखडला? मतानी म्हणून चेष्टेला आम्ही, आणि औषधाला तुमची माणसं?"

हे चेष्टेतलं बोलणं नव्हतं. नातं तुटताना असंच बोललं जातं. शोमारीनं माझी घडी दोन्ही हातांत धरली. त्याची छाती मला लागत होती आणि तिच्यात श्वास नव्हता.

"यानं मला वाचवलं नाही," तो म्हणाला. "यानं मला मारलंच होतं. मी जात होतो. या माणसानं डोक्यावर टोप घातला, पेज सांडली, मी हसलो, खोकलो आणि जगलो. सगळं ठाऊक असून मी खोटं बोललो. आत्या त्या खोट्यानं गेली." त्यानं मिहायोकडं पाहिलं. "आणि मी माडावरून पडलो नव्हतो. खाली झोपलो होतो. चटई टाकून. नारळ पडला."

मिहायोनं मान वर केली. त्याचा श्वास आखूड होता, शब्द मधेमधे तुटत होते.

"ते शेवटचं," तो म्हणाला, "परत सांग."

"माडाखाली झोपलो होतो."

"कुणाच्या... माडाखाली?"

"माझ्या."

मिहायोचे ओठ थरथरले. त्यानं छाती घट्ट धरली, डोळे मिटले, कण्हला. शोमारीनं मला जमिनीवर टाकलं, उशी त्याच्या छातीशी लावली आणि मागून त्याला कवेत धरलं. "हस," तो म्हणाला. त्याचे स्वतःचे डोळे वाहत होते. "हस रे माकडा. दुखू दे. चटई पण मीच लपवली. नारळ पण."

मिहायो हसला. ओरडत, रडत, शिव्या देत हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला. शेजारीही हसू लागले. काबुला तोंड झाकून भिंतीशी बसली होती, तिचं काय चाललं होतं ते मला दिसलं नाही, कारण लोक माझ्यावर पाय देऊन त्याला गाडीकडं नेत होते.

नर्स एलिफुरा म्हणते तो बरा होईल. आज सकाळी तुनूनं माझ्यावरची पावलं धुऊन मला इथं वाळत घातलं. शोमारीचं मात्र आता काही खरं नाही. खाटेवर पडल्या पडल्या मिहायोनं चटईची गोष्ट सगळ्या दवाखान्याला सांगितलीय, आणि दर सांगण्यात माड थोडा उंच झालेला असतो.

तरीही थोड्या वेळापूर्वी पलीकडच्या वाडीतली एक बाई येऊन माझी चौकशी करून गेली. तिच्या दिराला बैलानं ढकललंय. लोक गोष्ट विसरत नाहीत, पण औषधही सोडत नाहीत. तुनूनं तिला दवाखान्याची वाट दाखवली, आणि ती बाई जाता जाता माझ्याकडं वळून बघत होती.

म्हणून तुम्हाला सांगतो. माझ्यात मूल बांधा, भाकरी बांधा, पीठ बांधा. छातीला मार लागलेला माणूस घरात असेल तर मला दोरीवरच राहू द्या. त्याला दवाखान्यात न्या, उशी द्या, जवळ बसा, मोठा श्वास घ्यायला लावा. दुखेल म्हणून गप्प करू नका. मी दोन्ही ऐकलंय. शोमारी आणि मिहायो दुखून दुखून ओरडत होते. हिदाया आत्याला शेवटी अजिबात दुखत नव्हतं.